बोरूचं आभाळ

सेवेरिनो पालोत्ताला एक खोड होती. कुठेही गेला की समोरच्या वस्तूवर बोटाचं पेर वाकवून टकटक करायचा. खांबावर, दारावर, जेवणाच्या टेबलावर, बाजारातल्या कलिंगडावर. मग मान जराशी तिरकी करून ऐकायचा आणि स्वतःशीच पुटपुटायचा, "भरीव." नाहीतर, "पोकळ." मोन्तेल्चे गावातल्या बायका म्हणायच्या, "याचं लग्न यामुळेच राहिलं. मुलगी बघायला गेला असेल आणि तिच्या कपाळावर टकटक केली असेल."

ही खोड बापाची. बाप गिलावा करणारा होता आणि जुन्या भिंतीचा गिलावा कुठे सुटलाय ते तो वाजवून ओळखायचा. मुलगा हुशार निघाला म्हणून गावातल्या एका श्रीमंत पाद्र्यानं त्याला रोमला पाठवलं. तिथे एका नावाजलेल्या आर्किटेक्टच्या हाताखाली सेवेरिनोनं काही वर्षं पडकी देवळं मोजण्यात आणि कागदावर उतरवण्यात घालवली. त्यातलं एक देऊळ गोल होतं, त्याच्या घुमटाला मधोमध उघडं भोक होतं. सेवेरिनो पहिल्यांदा आत गेला तेव्हा त्या भोकातून पाऊस सरळ फरशीवर पडत होता आणि कुणालाही त्याचं काही वाटत नव्हतं. आयुष्यभर तो ते विसरला नाही.

गावी परतल्यावर लोक त्याला मेस्त्रो, म्हणजे उस्ताद, म्हणू लागले, पण त्यानं जे बांधलं ते कुणी लांबून बघायला येईल असं नव्हतं. मासळीबाजाराची ओसरी, गावची वेस, एका जमीनदाराच्या घराचा दर्शनी भाग, छोट्या नाटकघराचे चार खांब. सगळं विटांचं, वर गिलावा आणि गिलाव्यावर खिळ्यानं ओढलेल्या दगडाच्या रेघा. संगमरवर त्या भागात नव्हताच. चुना मात्र दारात होता. सेवेरिनोला यात फसवणूक वाटत नसे. खांबाची उंची आणि जाडी यांचं नातं बरोबर असलं की खांब खरा, मग तो कशाचाही असो, असं तो म्हणे. ऐकणारे मान डोलवत आणि दुसरीकडे बघत.

त्याचं एकच काम असं होतं की ज्याचा गावाला गर्व होता. सद्गती मंडळाचं चर्च. हे मंडळ म्हणजे गावातले पुरुष. कुणी मेलं की काळे झगे घालून, डोळ्यांपुरती भोकं असलेल्या टोप्या चेहऱ्यावर ओढून ते प्रेत वाहून नेत आणि आपल्या चर्चच्या फरशीखालच्या तळघरात पुरत. एका भूकंपात त्यांच्या चर्चचं छत कोसळलं होतं. भिंती उभ्या होत्या, पण बाहेरच्या बाजूला कलल्या होत्या.

तेव्हा मंडळाचा प्रमुख होता गावचा गिरणीवाला. त्याला सेवेरिनोनं स्पष्ट सांगितलं, "या भिंतींवर दगडी छत चढवलं तर भिंती फाकतील. वजन सोसायचं नाही त्यांना."

"कास्तेलरूगोवाल्यांचं छत दगडी आहे," प्रमुख म्हणाला. कास्तेलरूगो म्हणजे समोरच्या टेकडीवरचं गाव.

"त्यांच्या भिंती सरळ आहेत."

"त्यांची अक्कल वाकडी आहे, ते जाऊ दे. मग तू काय करणार?"

सेवेरिनोनं सांगितलं. नदीकाठचे बोरू आणायचे, चिरून चपटे करायचे, त्यांच्या चटया विणायच्या. लाकडी फळ्यांच्या कमानी करून त्या छपराच्या तुळयांना टांगायच्या, त्यांना खालून चटया ठोकायच्या आणि वर गिलावा. कुडाची भिंत असते ना, तसं कुडाचं छत. हलकं, आणि खालून बघणाऱ्याला दगडाचा घुमटच वाटावा.

प्रमुखानं हनुवटी खाजवली. "वाटावा नाही," तो म्हणाला. "आहे. दगडाचाच आहे. आत काय घालतोस ते मला सांगू नकोस आणि आणखी कुणालाही सांगू नकोस."

मग त्याला दुसरी शंका आली. घंटेच्या मनोऱ्यातून घुमटाच्या पाठीकडे जायला एक छोटं दार होतं. कास्तेलरूगोचा एखादा चोंबडा तिथून डोकावला तर? म्हणून सेवेरिनोनं चटयांच्या पाठीवरही चुना फासला आणि त्यावर विटांच्या रेघा ओढल्या. खालून खोटं आणि वरूनही खोटं. चटया विणणारे लोक दलदलीच्या मुलखातले होते. काम झाल्यावर ते आपल्या मुलखात गेले आणि पुन्हा आले नाहीत.

घुमटाच्या आतल्या बाजूला सेवेरिनोनं चौकटींच्या रांगा रंगवल्या, वर वर लहान होत जाणाऱ्या. मधोमध त्याला रोमसारखं उघडं भोक हवं होतं. प्रमुख हसला. "वेदीवर पाऊस? देवाला सर्दी होईल." तेव्हा सेवेरिनोनं तिथे वर्तुळात निळं आभाळ रंगवलं. चर्च उघडलं त्या दिवशी सगळं गाव माना वर करून उभं होतं. सेवेरिनोची धाकटी बहीण दिओमीरा त्याच्या शेजारी होती. ती म्हणाली, "एवढा दगड वर कसा राहिला रे, सेवेरी?" सेवेरिनो गप्प राहिला. त्याच्याकडे सगळे कौतुकानं बघत होते.

त्यानंतर कितीतरी वर्षं गेली. जुना प्रमुख मेला. त्याचा मुलगा लिबोरिओ गिरणीवर आणि मंडळाच्या गादीवर आला. दिओमीरा विधवा होऊन भावाकडे राहायला आली. सेवेरिनोचे केस पांढरे झाले, हाताला कंप आला आणि घुमट कशाचा आहे हे जाणणारा गावात तो एकटा उरला.

मग त्या मुलखावरचं पोपचं राज्य गेलं आणि फ्रेंचांचं सैन्य आलं. चौकातल्या मोठ्या घरात त्यांचा कमिसार, म्हणजे कारभार बघणारा अधिकारी, राहायला लागला. त्यानं सेवेरिनोला बोलावून घेतलं आणि चौकात स्वातंत्र्यदेवीची वेदी उभी करायला सांगितली. नाही म्हणायची सोय नव्हती. पण खरं सांगायचं तर सेवेरिनोला नाही म्हणायचंही नव्हतं. बऱ्याच वर्षांनी कुणी त्याच्याकडे काम मागत होतं. लाकूड, कापड आणि चुन्याचे चार खांब त्यानं उभे केले, आणि त्यांची मापं इतकी नेमकी जमली की तो दोन-तीनदा मुद्दाम चौकातून गेला. कमिसारनं त्याला जेवायला बोलावलं. त्या गोल देवळाबद्दल ते दोघं खूप वेळ बोलले. सेवेरिनो त्या घरातून बाहेर पडला तेव्हा समोरच्या दुकानात लिबोरिओ बसला होता. त्यानं सलामाला टोपी काढली नाही.

सुगीनंतर कमिसारची माणसं घरोघर धान्य तपासत फिरली. सैन्याला गहू हवा होता. प्रत्येक कणगी अर्धी रिकामी निघाली. "यंदा पिकलंच नाही," लोक सांगत होते. लपवलेलं धान्य सापडलं तर मालकाला भिंतीशी उभं करून गोळ्या घालू, असा फलक चौकात लागला. सेवेरिनोला शेतीतलं काही कळत नव्हतं. पिकलं नाही म्हणतात तर नसेल, असं त्याला वाटलं.

त्याच सुमाराला अंत्ययात्रा सुरू झाल्या.

सुरुवातीला त्याच्या ध्यानात आलं नाही. म्हातारपणी माणूस अंत्ययात्रेकडे फार बघत नाही. पण दिवेलागणीला काळ्या झग्यातली माणसं शवपेटी खांद्यावर घेऊन त्याच्या दारावरून जायची, आणि चार दिवस झाले नाहीत की पुन्हा. कधी एकामागे एक दोन पेट्या.

"कोण गेलं?" तो दिओमीराला विचारायचा.

"वाडीवरचं कुणीतरी." ती चुलीकडे तोंड करून मक्याच्या पिठाचा पोलेन्ता ढवळत राहायची.

"कुठल्या वाडीवरचं?"

"मला काय सगळी मेलेली माणसं ओळखायची सक्ती आहे?"

त्याला एक गोष्ट खटकत होती आणि काय खटकतंय ते उमगायला त्याला काही दिवस लागले. पेटीमागे बायका नसायच्या. रडणं नसायचं. नुसते काळे झगे, पायांचा आवाज आणि वाहणाऱ्यांचे धापा टाकणारे श्वास. मोन्तेल्चेत कुत्रं मेलं तरी तीन घरांतून रडणं ऐकू यायचं. गावात साथ आली आहे आणि ती आपल्यापासून लपवताहेत, असं त्याच्या मनानं घेतलं. तो पाणी उकळून प्यायला लागला.

रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेला, मिस्साला, गेला तेव्हा चर्चचा झाडूवाला पाचीफिको वेदीसमोर केर काढत होता. झाडूपुढे बारीक पांढरी पूड जमली होती.

"हे काय आहे?" सेवेरिनोनं विचारलं.

"धूळ, मेस्त्रो. जग धुळीचं आहे, आता पाद्रीबाबाही तेच सांगतील."

सेवेरिनोनं चिमूट उचलून जिभेला लावली. चुना. त्यानं वर पाहिलं. रंगवलेल्या निळ्या आभाळाच्या कडेपासून एक काळी रेघ निघून चौकटींच्या दोन रांगा ओलांडून गेली होती. केसाएवढी.

"रोज पडते?"

"अलीकडे रोज." पाचीफिकोनं आवाज खाली आणला. "आणि कधीकधी कुरकुरतं. मी दरवाजा लावत असलो की. मला वाटलं उंदीर. पण एवढे मोठे उंदीर नकोत रे बाबा."

पुढच्या रविवारी रेघ बोटाएवढी झाली होती. सेवेरिनो मिस्साभर खाली बघूच शकला नाही. छताच्या पोटाला फुगवटा आल्यासारखा वाटत होता. की आपली नजर गेली? की आपण म्हातारे झालो तसं तेही झालं? चटया सडल्या असतील, खिळे गंजले असतील. आपलं एकमेव चांगलं काम आपल्याआधी मरणार, या विचारानं त्याचं जेवण तुटलं. मनोऱ्याच्या दाराची किल्ली मागायला तो लिबोरिओकडे गेला.

"किल्ली कशाला?" लिबोरिओ म्हणाला. तो धिप्पाड होता आणि पिठानं पांढरा झालेला असायचा.

"घुमटाची पाठ बघायची आहे. तडा गेलाय."

"दगडाला तडा जातोच. थंडी आहे."

"एकदा बघू दे मला."

"किल्ली हरवली," लिबोरिओ म्हणाला. किल्ली त्याच्या कमरेला लटकत होती. दोघांनीही ती पाहिली.

दोनेक दिवसांनी संध्याकाळी सेवेरिनो गल्लीतून घरी येत होता आणि समोरून पेटी आली. गल्ली अरुंद. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला, टोपी काढली, आणि रिवाजाप्रमाणे जाणाऱ्या पेटीला हात लावायला पुढे झाला. पण सवयीनं त्याचं बोट वाकलं. त्यानं टकटक केली.

पोकळ नव्हती. पण आत माणूस असल्यावर येतो तसाही आवाज नव्हता. काठोकाठ भरलेल्या कणगीवर टकटक केल्यावर येतो तसा आवाज आला. गच्च, बुजलेला.

वाहणारे थांबले. टोप्यांच्या भोकांतून डोळे त्याच्याकडे बघत होते.

"काय ऐकलंत, मेस्त्रो?" पुढचा म्हणाला. आवाज लिबोरिओचा.

"काही नाही."

"मग घरी जा. थंडी आहे."

पेटी पुढे गेली. सेवेरिनो तिथेच उभा राहिला. चर्चचं दार उघडलं, बंद झालं. आणि मग त्याला सगळं एकदम दिसलं. रडणारे नव्हते कारण मेलेलं कुणी नव्हतं. सगळ्या गावाचा गहू पेट्यांतून चर्चमध्ये जात होता. तळघरात ओल, तिथे ठेवता येणार नाही. म्हणजे वर. मनोऱ्याच्या जिन्यानं वर, त्या छोट्या दारातून आत, कोरड्या अंधारात. दगडी घुमटाच्या पाठीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गिरणीवर गेला. जातं फिरत नव्हतं; दळायला काही नव्हतं.

"लिबोरिओ, पोती खाली घ्या."

"कसली पोती?"

"मला सगळं कळलंय. मी कुणाला सांगणार नाही. पण ते छत दगडी नाही."

लिबोरिओ हसला. "आणि मी बिशपची मावशी आहे."

"बोरूचं आहे. आत चटया आहेत. कुड आहे कुड. ते स्वतःचं वजन पेलतं, तेवढंच."

"मी वर उभा राहिलोय, मेस्त्रो. या पायांनी. विटा पाहिल्यात."

"त्या विटा नाहीत. मी खिळ्यानं रेघा ओढल्यात. तुझ्या वडिलांनीच ओढायला लावल्या."

लिबोरिओचं हसू थांबलं. तो जवळ आला. "माझ्या बापानं मरताना मला सांगितलं, चर्चला जप, आपलं छत दगडी आहे. मरताना. मरताना माणूस खोटं बोलतो?"

सेवेरिनोला जुना प्रमुख आठवला. म्हाताऱ्यानं इतकी वर्षं लोकांना ते सांगितलं होतं की शेवटी त्याला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं असणार. हे लिबोरिओला कसं समजावणार?

"आता मी सांगतो काय झालंय ते," लिबोरिओ म्हणाला. "कमिसारला वास लागलाय, पण जागा सापडत नाही. मग तो आपल्या मित्राला म्हणतो, मेस्त्रो, तुम्ही जाऊन त्यांना घाबरवा. म्हणजे ते स्वतःच पोती काढतील. चौकात, अगदी त्याच्या खिडकीसमोर. आणि भिंत तयारच आहे. किती गोड जेवण होतं हो ते, मेस्त्रो? मांस होतं?"

"परवा संताचा सण आहे. सगळं गाव त्या छताखाली असेल. निदान मिस्सा तरी बाहेर करा."

"सान्त अंतोनिओचा मिस्सा बाहेर? चला, निघा. मला काम आहे."

काम नव्हतं. पण सेवेरिनो निघाला.

तो कमिसारच्या घरापर्यंत गेला. एक शब्द टाकला की सैनिक येतील, पोती खाली येतील आणि कुणीही छताखाली मरणार नाही. मग लिबोरिओला भिंतीशी उभं करतील. आणि आणखी कुणाकुणाला. त्यानं दारावरची कडी हातात धरली, तिच्या गार लोखंडाकडे बघितलं आणि परत फिरला. पहारेकऱ्यानं त्याला पाहिलं. समोरच्या दुकानातल्यांनीही पाहिलं.

रात्रीच्या जेवणाला वाटाण्याची आमटी होती. सेवेरिनोनं चमचा खाली ठेवला आणि दिओमीराला सगळं सांगितलं.

"माझंही पोतं आहे तिथे," ती म्हणाली. "तुला सांगितलं नाही. तू त्या माणसाकडे जेवायला जातोस."

"एकदाच गेलो होतो."

"तू मला म्हणाला होतास, ते दगडी आहे."

"मी म्हणालो नव्हतो. तू म्हणालीस. मी गप्प राहिलो."

"ते म्हणणंच झालं, सेवेरी." तिनं त्याची ताटली उचलली. "तेव्हा खोटा होतास. मग आता खरं बोलतोयस हे मी कशावरून मानू?"

त्यानं हात पुढे केले, काही दाखवायचं असल्यासारखे. हातात काही नव्हतं.

सणाच्या दिवशी सकाळी चौकात बैल, गाढवं, मेंढ्या, टोपलीतल्या कोंबड्या, सगळी जनावरं आली. सान्त अंतोनिओ जनावरांचा संत. आत मिस्सा आणि पावांचा आशीर्वाद होतो, मग मंडळाचे लोक संताची मूर्ती उचलून बाहेर आणतात आणि जनावरांवर पाणी शिंपडतात. त्या वर्षी चर्च कधी नव्हे इतकं भरलं होतं. लोकांना आपलं धान्य डोक्यावर सुरक्षित आहे हे माहीत होतं, आणि त्याच्याखाली उभं राहून प्रार्थना करायला त्यांना बरं वाटत होतं. दिओमीराही गेली. जाताना तिनं भावाकडे बघितलं.

सेवेरिनो मनोऱ्याशी गेला. घंटा वाजवायची म्हणून दार उघडं होतं आणि पाचीफिको दोरी धरून लटकत होता.

"वर जाऊ नका, मेस्त्रो. लिबोरिओ माझी मान मोडेल."

"आज सकाळी किती धूळ होती?"

पाचीफिकोनं घंटेची दोरी सोडली. त्याचा चेहरा उतरला. "धूळ नव्हती," तो म्हणाला. "ढेकळं होती." आणि बाजूला झाला.

छपराखाली अंधार होता आणि गव्हाचा गोड वास भरला होता. सेवेरिनो मोठ्या तुळईवर पोटानं सरकत गेला. डोळे सरावल्यावर त्याला पोती दिसली. कडेच्या खोलगट भागात ती गच्च रचली होती. तिथली जागा संपल्यावर उरलेली थेट माथ्यावर टाकली होती, जिथे छत सगळ्यात पातळ. खालून गाणं येत होतं, आणि गाण्याखालून दुसरा एक आवाज: चटईवर कुणीतरी जड माणसानं कूस बदलावी तसा. एक खिळा सुटून उडाल्याचं त्यानं ऐकलं. मग आणखी एक.

तो ओरडला. गाण्यात ते विरून गेलं.

तेव्हा त्यानं आपली काठी उलटी धरली. तिला लोखंडी टोक होतं. रंगवलेलं आभाळ नेमकं कुठे आहे हे त्याला अंधारातही ठाऊक होतं. त्या वर्तुळाचं माप त्यानंच घेतलं होतं. एका सुटलेल्या पोत्याच्या कडेला त्यानं काठी खुपसली. ती इतक्या सहज आरपार गेली की त्याचा तोल जाता जाता राहिला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, कुडाचं असलं तरी थोडं घट्ट असेल.

काठी ओढली तशी खालच्या मेणबत्त्यांचा उजेड त्या भोकातून वर आला आणि छपराच्या तुळयांवर थरथरत राहिला. आणि काठीबरोबर फाटलेल्या पोत्यातून गहू त्याच भोकातून खाली जाऊ लागला.

गाणं थांबलं. सेवेरिनोनं भोकाशी तोंड नेलं. निळ्या आभाळातून सोन्याची बारीक धार वेदीसमोर पडत होती आणि सगळे चेहरे तिच्याकडे वळले होते. कुणीतरी किंचाळलं, "चमत्कार! संतानं गहू दिला!"

पळायचं सोडून ते पुढे आले. बायकांनी ओट्या पसरल्या, पुरुषांनी टोप्या धरल्या. जिथे मरण पडणार होतं तिथेच ते दाटीनं गुडघ्यांवर बसले.

"बाहेर व्हा!" सेवेरिनो ओरडला. "गाढवांनो, बाहेर व्हा!"

"ऐकलंत? बोलतोय!" खालचा एक म्हातारा रडत म्हणाला. "गाढवांना हाक मारतोय. आणा रे गाढवं आत!"

"मी संत नाही! मी सेवेरिनो! हे दगडी नाही! बोरूचं आहे, सगळं बोरूचं आहे!"

आता शांतता पसरली. त्या शांततेत छत पुन्हा कुरकुरलं. आणि लिबोरिओचा आवाज आला, "ऐकू नका! कमिसारचा माणूस आहे. तुम्हाला बाहेर काढायचं आहे त्याला!"

कुणी हललं नाही. सेवेरिनोला गर्दीत दिओमीराचा पांढरा रुमाल दिसला. ती वर बघत होती, भोकातल्या त्याच्या तोंडाकडे. मग तिनं बोट वाकवलं आणि शेजारच्या खांबावर टकटक केली. लहानपणी त्याला चिडवायला करायची तशी. खांबही गिलाव्याचाच होता. पोकळ. तो आवाज वरपर्यंत पोचला.

दिओमीरा वळली आणि मंडळाच्या माणसांवर खेकसली, "संताला उचला! बघत काय बसलात? जनावरं केव्हाची ताटकळली आहेत. उचला मेल्यांनो!"

संत उचलला की त्याच्यामागे निघायचं, चर्चमध्ये कुणी राहायचं नाही, हा रिवाज कुणी कुणाला शिकवलेला नव्हता; तो पायांतच होता. काळ्या झग्यांनी मूर्ती खांद्यावर घेतली. घंटा वाजू लागली. खाली पाचीफिकोनं दोरी ओढली होती. लोक उठले. ओट्यांत गहू तसाच धरून, मागे वळून त्या धारेकडे बघत ते संतामागे बाहेर पडले.

शेवटी एकटा लिबोरिओ राहिला. तो धारेखाली उभा होता आणि वर बघत होता.

"लिबोरिओ, जा."

गिलाव्याचा एक तुकडा त्याच्या पायाशी पडून फुटला. त्याच्यातून चिरलेल्या बोरूची काडी बाहेर आली होती. लिबोरिओनं ती उचलली, बोटात फिरवली. मग ती तशीच धरून तो पळाला.

दारातून तो बाहेर पडला आणि छत खाली आलं. पांढऱ्या धुळीचा लोट दारातून बाहेर येऊन संतावर, बैलांवर, सगळ्यांवर बसला. धूळ खाली बसल्यावर लोकांनी आत डोकावलं. सगळा गहू चुन्यात आणि काड्यांत मिसळून माणसाच्या छातीइतका साचला होता. वर उघड्या तुळईवर सेवेरिनो पालोत्ता पाय लोंबकळत सोडून बसला होता. त्याला उतरवायला पाचीफिकोला फार वेळ लागला. त्याचे हात तुळईवरून सुटत नव्हते.

सैनिक दुपारी आले. कुठलं पोतं कुणाचं हे आता देवालाही सांगता आलं नसतं, म्हणून कमिसारनं कुणाला भिंतीशी उभं केलं नाही. गहू चाळून, गाड्यांत भरून घेऊन गेले. जाताना कमिसार सेवेरिनोशी थांबला आणि म्हणाला, "अप्रतिम काम. मलाही दगडीच वाटलं होतं." आणि हे त्यानं चौकात, सगळ्यांसमोर सांगितलं.

त्या हिवाळ्यात मोन्तेल्चेनं ओकची फळं दळून खाल्ली. म्हातारी माणसं गेली, दोन तान्ही मुलं गेली. त्या वेळच्या पेट्या हलक्या होत्या आणि त्यांच्यामागे रडणं होतं. कुणी सेवेरिनोला दोष दिला नाही. तोंडावर तरी नाही. आभारही मानले नाहीत. त्याच्या दारावरून जाताना आवाज खाली यायचे. चर्चला पुढे साध्या फळ्यांचं सपाट छत झालं. त्याबद्दल कुणी त्याला विचारलं नाही. फ्रेंच गेले, पोपचं राज्य परत आलं, पुन्हा गेलं. कास्तेलरूगोचे लोक बाजारात भेटले की मोन्तेल्चेवाल्यांना विचारत, "काय, आभाळ ठीक आहे ना?" सेवेरिनोचं नाव मागे पडलं. त्याला सगळे बोरूवाला म्हणायला लागले, मुलंसुद्धा, आणि तो ओ द्यायचा.

टकटक करणं त्यानं सोडलं होतं. टेबलावर हात ठेवला की बोट आपोआप वाकायचं आणि तो दुसऱ्या हातानं ते झाकायचा. दिओमीरा ते बघायची आणि दुसरं काहीतरी बोलायला लागायची.

पुढे एका ऑक्टोबरमध्ये तो गेला. दिओमीरानं मंडळाकडे निरोप धाडला, आणि ते येतील की नाही याची तिला खात्री नव्हती. दिवेलागणीला ते आले, काळे झगे, ओढलेल्या टोप्या. पुढचा माणूस वाकलेला होता, पण खांदे अजून रुंद होते. बायका दारात उभ्या राहिल्या. एकदोघी रडल्यासुद्धा.

पेटी उचलायच्या आधी तो पुढचा माणूस थांबला. त्यानं झग्यातून हात बाहेर काढला, बोटाचं पेर वाकवलं आणि झाकणावर टकटक केली. मान तिरकी करून ऐकलं.

"भरीव आहे," लिबोरिओ बाकीच्यांना म्हणाला. "जपून उचला."